प्रमाणपत्रांच्या खुल्या नोंदवहीतून उलगडणारी सबडोमेन

एखाद्या बँकेचे, विद्यापीठाचे किंवा महापालिकेचे संकेतस्थळ वाचकाला एकसंध वाटत असले, तरी त्यामागे बहुधा अनेक वेगवेगळ्या नावांचे सर्व्हर काम करीत असतात. ई-मेलसाठी एक, कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी दुसरा, निविदांसाठी तिसरा, आणि कधीकाळी चाचणीसाठी उभारलेला व नंतर कोणी बंद न केलेला चौथा. या सर्व नावांची यादी संस्था स्वतः प्रसिद्ध करीत नाही. पुष्कळदा ती तिच्याकडेही एकत्र नसते. असे असूनही त्या यादीचा मोठा भाग कोणाही व्यक्तीला, कोणाची परवानगी न घेता आणि त्या संस्थेच्या एकाही संगणकाला स्पर्श न करता, काही मिनिटांत मिळू शकतो. तो मिळण्याचे ठिकाण म्हणजे ‘सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी’, अर्थात प्रमाणपत्र पारदर्शकता या व्यवस्थेतील सार्वजनिक नोंदवह्या.

ही व्यवस्था सबडोमेन शोधण्यासाठी निर्माण झालेली नाही. खोट्या प्रमाणपत्रांना आळा घालणे हा तिचा हेतू होता आणि आजही आहे. सबडोमेन उघड होणे हा त्या हेतूचा आनुषंगिक परिणाम होय. मात्र गेल्या काही वर्षांत सुरक्षा तज्ज्ञ आणि घुसखोर या दोघांनीही त्याचा इतका वापर केला आहे की, संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो समजून घेणे आवश्यक झाले आहे.

डोमेन नावाची रचना टपालाच्या पत्त्यासारखी असते. आधी घर, मग गल्ली, मग गाव. ‘मेल.उदाहरण.इन’ या कल्पित नावात ‘इन’ हे भारताचे सर्वोच्च स्तरावरील नाव, ‘उदाहरण’ हे संस्थेने नोंदवून घेतलेले नाव आणि ‘मेल’ हे संस्थेने स्वतःच्या अधिकारात दिलेले पुढचे नाव, म्हणजेच सबडोमेन. ‘उदाहरण.इन’ नोंदविताना नोंदणी संस्थेकडे पैसे भरावे लागतात. त्यापुढील सबडोमेन किती आणि कोणती असावीत, यावर कोणाचेही नियंत्रण नसते. त्यासाठी शुल्क नसते आणि कुठे अर्जही करावा लागत नाही. तंत्र विभागातील एखादा कर्मचारी दुपारी जे नाव देतो, ते संध्याकाळपर्यंत जगभर पोहोचते.

ब्राउझरने अशा नावाच्या सर्व्हरशी सुरक्षित संपर्क साधावा, तर त्या सर्व्हरकडे प्रमाणपत्र असावे लागते. ‘या नावाचा सर्व्हर खरोखरच या किल्लीचा मालक आहे’, असे सांगणारा हा दस्तऐवज असून त्यावर ब्राउझरला मान्य असलेल्या प्रमाणन संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असते. जगात अशा प्रमाणन संस्था अनेक आहेत आणि इथेच मूळ दुखणे होते. सर्वसाधारण नियमानुसार यांपैकी कोणतीही संस्था जगातील कोणत्याही संकेतस्थळासाठी प्रमाणपत्र देऊ शकते. त्यामुळे त्यांतील सर्वांत दुबळी संस्था जितकी सुरक्षित, तितकीच सर्व संकेतस्थळे सुरक्षित, अशी स्थिती होती.

तिचा परिणाम २०११ मध्ये दिसला. नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि तिच्या नावाने किमान ५३१ बनावट प्रमाणपत्रे तयार करण्यात आली. त्यांपैकी १० जुलै २०११ रोजीचे एक प्रमाणपत्र गूगलच्या सर्व सबडोमेनना लागू होणारे होते. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधील एका वापरकर्त्याच्या क्रोम ब्राउझरने इशारा दाखविला आणि प्रकरण बाहेर आले. चौकशी करणाऱ्या फॉक्स-आयटी या डच कंपनीला या बनावट प्रमाणपत्राशी संबंधित सुमारे तीन लाख आयपी पत्ते आढळले. त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक इराणमधील होते. त्या लोकांचा जीमेलशी होणारा व्यवहार मधल्यामध्ये वाचला जाऊ शकत होता. डच सरकारच्या स्वतःच्या ऑनलाइन सेवाही याच संस्थेच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असल्याने सरकारला तिचा कारभार हाती घ्यावा लागला आणि २० सप्टेंबर २०११ रोजी डिजिनोटार दिवाळखोर जाहीर झाली. जवळपास सात आठवडे ते प्रमाणपत्र अस्तित्वात होते आणि गूगलला त्याचा पत्ता नव्हता, ही यातील सर्वांत गंभीर बाब.

भारतातील २०१४ चे प्रकरण

भारताचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये देशात प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक हे पद आहे. या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राचा समावेश मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतील विश्वासार्ह यादीत होता आणि त्याच्या आधारे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार मिळालेला होता. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले की, या केंद्राच्या नावाने गूगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकाने केंद्राची मध्यवर्ती प्रमाणपत्रे रद्द केली. ८ जुलै रोजी नियंत्रकाने गूगलला तपासाचा निष्कर्ष कळविला. केंद्राच्या प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत बाहेरून शिरकाव झाला होता. चारच प्रमाणपत्रे चुकीची निघाली असून त्यांतील पहिले २५ जूनचे होते. तीन गूगलच्या, तर एक याहूच्या डोमेनसाठी होते.

गूगलने मात्र जाहीर केले की, या चारांत नसलेली चुकीची प्रमाणपत्रेही आपल्या माहितीत आहेत आणि म्हणून या शिरकावाची व्याप्ती अज्ञात आहे, असेच मानावे लागेल. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने संबंधित प्रमाणपत्रांवरील विश्वास काढून घेतला आणि क्रोमने भारतीय नियंत्रकाच्या प्रमाणपत्रांचा स्वीकार ‘जीओव्ही डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’, ‘एसी डॉट इन’ अशा मोजक्या डोमेनपुरता मर्यादित केला. फायरफॉक्सची स्वतःची वेगळी यादी असल्याने त्याच्या वापरकर्त्यांना याची झळ बसली नाही.

या प्रकरणातील खरा प्रश्न चार की चाळीस, हा नव्हता. किती प्रमाणपत्रे निघाली हे खात्रीने सांगू शकेल अशी एकही सार्वजनिक नोंद अस्तित्वात नव्हती, हा होता. ज्या संस्थेच्या यंत्रणेत शिरकाव झाला, तिच्याच दप्तरावर विसंबून हिशेब मांडावा लागत होता.

नोंदवही कशी चालते

अशी सार्वजनिक नोंद ठेवण्याची कल्पना गूगलमधील बेन लॉरी, अ‍ॅडम लँगली आणि एमिलिया कॅस्पर यांनी मांडली. तिचा तांत्रिक मसुदा जून २०१३ मध्ये ‘आरएफसी ६९६२’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. प्रमाणन संस्था प्रमाणपत्र देण्यापूर्वी त्याची एक प्रत, म्हणजे पूर्वप्रमाणपत्र, सार्वजनिक नोंदवहीकडे पाठविते. नोंदवही चालविणारा सर्व्हर त्या बदल्यात स्वाक्षरी केलेली कालमुद्रा देतो. ही कालमुद्रा म्हणजे ‘ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे २४ तासांत, ही नोंद वहीत चढविली जाईल’ असे वचन असते. ती कालमुद्रा अंतिम प्रमाणपत्रात समाविष्ट केली जाते आणि ब्राउझर ती तपासतो. अल्प मुदतीच्या प्रमाणपत्रासाठी क्रोमला अशा किमान दोन कालमुद्रा लागतात आणि त्या वेगवेगळ्या चालकांच्या नोंदवह्यांच्या असाव्या लागतात. एकाच घरातील दोन साक्षीदार इथे चालत नाहीत.

नोंदवहीत फक्त भर घालता येते. काही खोडता किंवा बदलता येत नाही. त्यासाठी अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांच्या नावाने ओळखली जाणारी वृक्षरचना वापरली जाते. प्रत्येक नोंदीचा एक हॅश, म्हणजे आकड्यांचा ठसा, काढला जातो. दोन ठशांपासून तिसरा, अशा दोन तिसऱ्यांपासून पुढचा, असे करीत अखेरीस संपूर्ण वहीचा एकच ठसा उरतो आणि त्यावर वहीचा चालक स्वाक्षरी करतो. जुन्या नोंदीतील एक अक्षर बदलले, तरी शेवटचा ठसा बदलतो आणि लबाडी उघड होते. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार शोधायला वर्षे जातात. इथे ते गणिताने तत्काळ कळते.

सुरुवातीला या नोंदीची सक्ती नव्हती. क्रोमने जानेवारी २०१५ पासून फक्त विस्तारित पडताळणीच्या, म्हणजे कंपनीची ओळख तपासून दिल्या जाणाऱ्या महागड्या प्रमाणपत्रांसाठी ती लागू केली. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी सिमँटेकच्या मालकीच्या थॉट या प्रमाणन संस्थेने गूगलच्या डोमेनसाठी, गूगलने न मागितलेले पूर्वप्रमाणपत्र काढले. ते नोंदवहीत चढले आणि पकडले गेले. अंतर्गत चाचणीत ते निघाले, असे सिमँटेकने सांगितले आणि अशी २३ प्रमाणपत्रे निघाल्याचे आधी कळविले. पुढील तपासात ७६ डोमेनसाठीची आणखी १६४ आणि कधीच नोंदविल्या न गेलेल्या डोमेनसाठीची २,४५८ प्रमाणपत्रे समोर आली. डिजिनोटारच्या वेळी जे सात आठवड्यांत कळले नव्हते, ते नोंदवहीमुळे काही दिवसांत कळले. ३० एप्रिल २०१८ नंतर दिल्या जाणाऱ्या सर्व सार्वजनिक प्रमाणपत्रांसाठी क्रोमने नोंद सक्तीची केली, त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून अ‍ॅपलने, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये संगणकावरील फायरफॉक्सने. सबडोमेन शोधणाऱ्यांच्या दृष्टीने २०१८ हे वर्ष निर्णायक ठरले. त्यानंतर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक प्रमाणपत्रातील नावे उघड नोंदीत आली.

नावे कशी शोधली जातात

मूळ नोंदवह्या यंत्रांसाठी असतात. त्यांत शोध घेण्याची सोय नसते. क्रमाने नोंदी घ्याव्या आणि आपण त्या लावून ठेवाव्या, एवढेच त्यांत शक्य असते. हे काम काही सेवा करतात आणि त्यांत सर्वांत परिचित सेवा ‘सीआरटी डॉट एसएच’ ही आहे. प्रमाणपत्रे देणारी सेक्टिगो ही कंपनी ती विनामूल्य चालविते. शोधाच्या चौकटीत संस्थेचे डोमेन लिहायचे आणि त्याआधी टक्क्याचे चिन्ह व बिंदू द्यायचा, म्हणजे ‘%.उदाहरण.इन’. टक्क्याचे चिन्ह ‘येथे काहीही असो’ असा अर्थ सांगते. उत्तरादाखल एक लांब तक्ता येतो. त्यात नोंद केव्हा झाली, प्रमाणपत्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, ते कोणी दिले आणि त्यात कोणती नावे आहेत, हे दिसते. मोठ्या डोमेनसाठी हा शोध रेंगाळतो, कधी अर्ध्यावर तुटतो. तेव्हा पुन्हा प्रयत्न करणे किंवा सेन्सिस यांसारख्या अन्य सेवेकडे वळणे एवढाच मार्ग उरतो.

तक्ता वाचताना नवख्यांची फसगत होते ती पुनरावृत्तीमुळे. एकाच प्रमाणपत्राचे पूर्वप्रमाणपत्र आणि अंतिम प्रत अशा दोन नोंदी असू शकतात. शिवाय लेट्स एन्क्रिप्टसारखी विनामूल्य सेवा अनेक वर्षे ९० दिवसांचीच प्रमाणपत्रे देत आली असल्याने एकच नाव वर्षात कित्येकदा दिसते. म्हणून आधी दुहेरी नोंदी काढून टाकायच्या, मग नावांची यादी करायची. नाव शोधताना प्रमाणपत्राचे मुख्य नाव पाहणे पुरेसे नसते. खरी संपत्ती असते ती पर्यायी नावांच्या रकान्यात. एकाच प्रमाणपत्रावर अनेक नावे घालण्याची मुभा असल्याने काटकसरी संस्था ‘मेल’, ‘व्हीपीएन’, ‘हजेरी’, ‘टेस्ट’ ही सगळी नावे एकाच कागदावर घेते आणि त्या एका नोंदीतून तिच्या अंतर्गत रचनेचा नकाशाच हाती येतो. कधी त्याच रकान्यात वेगळेच डोमेन दिसते आणि दोन संस्थांचे संकेतस्थळ एकच कंत्राटदार सांभाळतो, हेही कळून जाते. मात्र सामायिक सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांच्या प्रमाणपत्रांवर परस्परांशी काडीचाही संबंध नसलेली नावे एकत्र आलेली असतात. त्यावरून नाते जोडणे धोक्याचे ठरते.

मराठी, हिंदी व देवनागरीतील अन्य भाषांच्या वाचकांसाठी एक बाब इथे नोंदविण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन उपलब्ध आहे. परंतु प्रमाणपत्रात देवनागरी अक्षरे उमटत नाहीत. ती प्युनिकोड नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत व अंकांत रूपांतरित होऊन, ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य वाटणाऱ्या नावाने नोंदली जातात. देवनागरी नावाच्या संकेतस्थळाचा शोध घेताना ते रूपांतरित नाव वापरले, तर हमखास उत्तर मिळते. दिसायला सारखी अक्षरे वापरून केलेली नक्कल नोंदवहीत ओळखू येते, ती याच रूपांतरामुळे.

मिळालेली यादी ही शक्यतांची यादी असते, वस्तुस्थितीची नव्हे. प्रमाणपत्र निघाले, याचा अर्थ सर्व्हर आजही चालू आहे असा होत नाही. नावामागे आयपी पत्ता आहे का, हे पुढे डीएनएस या नावे-पत्ते जुळविणाऱ्या व्यवस्थेला विचारावे लागते. उलट बाजूने, यादीत नाव नाही म्हणजे ते अस्तित्वात नाही, असेही नाही. तारांकन असलेले, म्हणजे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेतले, तर ‘*.उदाहरण.इन’ एवढेच नोंदले जाते आणि त्याखालील सर्व नावे झाकलेली राहतात. संस्थेने केवळ स्वतःच्या कार्यालयीन जाळ्यासाठी खासगी प्रमाणन व्यवस्था उभारली असेल, तर तिची प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत जात नाहीत. म्हणून अनुभवी तपासनीस नोंदवहीला आरंभबिंदू मानतात. नेहमीच्या नावांचे शब्दकोश चालवून अंदाज बांधणे किंवा डीएनएसच्या जुन्या उत्तरांचे संग्रह पाहणे हे मार्ग तिच्या जोडीला असतात. पण अंदाजाने ‘टेस्ट’ सापडेल. ‘निविदा-जुनी-२’ सापडायला नोंदवहीच लागते.

कोणाच्या हाती काय लागते

या नोंदींचा पहिला लाभ खुद्द संस्थांना होतो. एप्रिल २०१६ मध्ये फेसबुकने सांगितलेला अनुभव बोलका आहे. नोंदवह्यांवर नजर ठेवणाऱ्या तिच्या प्रायोगिक यंत्रणेला ‘एफबी डॉट कॉम’च्या काही सबडोमेनसाठी लेट्स एन्क्रिप्टची, सुरक्षा विभागाला ठाऊक नसलेली प्रमाणपत्रे आढळली. चौकशीअंती निष्पन्न झाले की, काही छोटी संकेतस्थळे सांभाळणाऱ्या बाहेरील कंपनीने ती घेतली होती. तिला कंपनीतीलच दुसऱ्या गटाने परवानगी दिली होती, पण सुरक्षा विभागाला ते कळविले नव्हते. एवढ्या मोठ्या तंत्रकंपनीत जे घडते, ते शासकीय विभागात, शिक्षणसंस्थेत किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या सहकारी बँकेत घडत नसेल, असे मानण्याचे कारण नाही. कंत्राटदार बदलतो, माहिती त्याच्याबरोबर जाते आणि सर्व्हर मागे उरतो.

असा मागे उरलेला सर्व्हर अद्ययावत नसतो आणि त्यावर लक्षही नसते. घुसखोराला मुख्य दरवाजापेक्षा तोच सोयीचा. दुसरा धोका त्याहून सूक्ष्म आहे. संस्था क्लाउडवरील एखादी सेवा बंद करते, पण सबडोमेन त्या सेवेकडे निर्देश करीतच राहते. ती मोकळी झालेली जागा दुसऱ्या कोणी त्याच सेवेत स्वतःच्या नावे घेतली, तर संस्थेच्या अस्सल नावाखाली त्याचे पान दिसू लागते. त्यासाठी त्याला नवे, पूर्णतः वैध प्रमाणपत्रही मिळू शकते. नागरिकाला पत्ता योग्य दिसतो, कुलपाचे चिन्ह दिसते आणि तो पासवर्ड टाकतो. अशी अनाथ नावे शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जुन्या प्रमाणपत्रांची यादी.

नोंदीची तत्परता हाही धोका ठरू शकतो, हे जर्मन पत्रकार हान्नो ब्योक यांनी जुलै २०१७ मध्ये लास व्हेगास येथील डेफ कॉन परिषदेत दाखवून दिले. वर्डप्रेससारखी प्रणाली सर्व्हरवर चढविल्यानंतर ब्राउझरमधून तिची मांडणी पूर्ण करावी लागते. तोपर्यंत मांडणीचे पान कोणालाही खुले असते. पूर्वी त्या नव्या पत्त्याची कोणाला खबर नसे. आता प्रमाणपत्र घेताच नाव नोंदवहीत येते आणि तिच्यावर टपून बसलेला कार्यक्रम, मालक चहा पिऊन येईपर्यंत, मांडणी स्वतःच्या नावे पूर्ण करू शकतो.

हीच तत्परता बचावासाठीही वापरली जाते. बँकेच्या नावाशी साधर्म्य असलेल्या फसव्या संकेतस्थळालाही कुलपाचे चिन्ह हवे असते. त्यासाठी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते घेताच नाव नोंदवहीत उमटते. फसवा संदेश पहिल्या ग्राहकाच्या फोनवर पोहोचण्याआधी त्या नावाचा सुगावा लागण्याची संधी त्यातून मिळते. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव डोमेनकडे जाण्यास सांगितले आणि त्याच्या नोंदणीचे काम हैदराबाद येथील आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपविले, त्यामागे ग्राहकाला अस्सल पत्ता ओळखणे सोपे व्हावे हा विचार आहे. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका असलेल्या महाराष्ट्रात हा बदल विशेष जाणवणारा आहे. परंतु जुन्या डोमेनखालील सबडोमेन नोंदवह्यांत कायम राहतात. स्थलांतरानंतर जुने डोमेन मुदतीत नूतनीकरण न करता सोडून दिले आणि ते परक्याने घेतले, तर कोणती नावे ग्राहकांच्या सवयीची होती, हे त्याला नोंदीच सांगतील.

नोंद असली म्हणजे कोणी ती पाहतेच, असे नाही. क्रोएशियातील फिना या प्रमाणन संस्थेने फेब्रुवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात क्लाउडफ्लेअरच्या ‘१.१.१.१’ या डीएनएस सेवेच्या पत्त्यासाठी विनापरवाना १२ प्रमाणपत्रे काढली. क्लाउडफ्लेअर स्वतः नोंदवही चालविते आणि ग्राहकांना नव्या प्रमाणपत्रांचे इशारे पाठविते. तरीही तिला हे सप्टेंबर २०२५ मध्ये कळले, आणि आपली देखरेख कमी पडल्याचे तिने जाहीरपणे मान्य केले.

झाकण्याचे उपाय व त्यांची किंमत

नोंदीत सबडोमेनचा भाग झाकण्याची मुभा असावी, असा प्रस्ताव प्रमाणन क्षेत्रातून पुढे आला होता. तो मान्य झाला नाही. अर्धवट झाकलेली नोंद खोटे प्रमाणपत्रही झाकते, हा त्यावरचा आक्षेप योग्यच होता. त्यामुळे पर्याय उरतो तो वाइल्डकार्डचा. त्याची किंमत अशी की, एकच गुप्त किल्ली अनेक सर्व्हरवर ठेवावी लागते आणि त्यांतील सर्वांत दुर्लक्षित सर्व्हरवरून ती चोरीला गेली, तर सर्व नावांची नक्कल शक्य होते. केवळ नाव लपविण्यासाठी हा सौदा महाग आहे. ज्या प्रणालीचा बाहेरील जगाशी संबंध नाही, तिला सार्वजनिक प्रमाणपत्र न घेणे आणि खासगी व्यवस्थेतून देणे हे अधिक सयुक्तिक. जी बाहेर असलीच पाहिजे, तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरूनच तिचे संरक्षण करावे लागते. नावात आगामी प्रकल्पाचे, ग्राहक कंपनीचे किंवा वापरातील सॉफ्टवेअरचे नाव घालण्याची सवय मोडणे हा तर विनाखर्चाचा उपाय आहे.

आपल्या डोमेनसाठी कोणत्या प्रमाणन संस्थांनी प्रमाणपत्र द्यावे, हे डीएनएसमध्ये ‘सीएए’ या नोंदीद्वारे जाहीर करता येते आणि सप्टेंबर २०१७ पासून ती नोंद तपासणे प्रमाणन संस्थांना बंधनकारक आहे. ही नोंद करण्यास काही मिनिटे पुरतात. क्लाउड सेवा बंद करताना आधी डीएनएसमधील निर्देश काढणे आणि मग सेवा सोडणे, हा क्रम पाळला तर अनाथ सबडोमेनचा प्रश्न बव्हंशी उद्भवत नाही.

कायद्याची सीमारेषा कुठे आहे, हे या क्षेत्रात शिकाऊ म्हणून येणाऱ्या तरुणांनी नीट समजून घेण्याची गरज आहे. सार्वजनिक नोंदवही वाचणे म्हणजे कोणाच्या संगणकात प्रवेश करणे नव्हे. मात्र सापडलेल्या नावाच्या सर्व्हरवर लॉगिन करून पाहणे, त्यातील त्रुटी वापरून आत शिरणे किंवा माहिती उतरवून घेणे ही कृत्ये मालकाच्या परवानगीविना केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ खाली येतात. ती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली असल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्रुटी आढळल्यास ती कळविण्यासाठी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेकडे, तसेच अत्यावश्यक माहिती पायाभूत सुविधांबाबत एनसीआयआयपीसीकडे मार्ग उपलब्ध आहे. दुसऱ्या बाजूला, सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविण्याचे बंधन संस्थांवर आहे. जो सर्व्हर आपला आहे हेच ठाऊक नाही, त्यावरील घटना सहा तासांत कळविणे कोणाला जमणार, हा प्रश्न उरतोच.

येत्या काळात या नोंदी अधिक दाट होणार आहेत. प्रमाणन संस्था व ब्राउझर कंपन्यांच्या सीए-ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी कमी केली जाणार आहे. एका सबडोमेनची जिथे वर्षाला एक नोंद होत असे, तिथे किमान आठ होतील. जुन्या यादीत एखादे नाव आजही जिवंत आहे की नाही, हे आतापर्यंत डीएनएसला विचारल्याशिवाय कळत नसे; ४७ दिवसांच्या प्रमाणपत्रांच्या काळात, ज्या नावाची नवी नोंद दोन महिने झाली नाही ते बहुधा वापरातून गेले, असा तर्क केवळ नोंदवही वाचूनही करता येईल.